नेणीव, स्वमग्नता आणि भिंतीवरची चित्रं

फळ्यावर ठळक अक्षरांत 'कमळ' असं लिहा आणि वर्गाला सांगा, "हे वाचू नका, नुसत्या रेघा बघा." कुणालाच ते जमणार नाही. ज्याला वाचता येतं त्याच्यासमोर अक्षर आलं की ते वाचलं जातंच. आता शेजारी वर्गातल्या कुणालाही न येणाऱ्या लिपीतला, समजा तमिळमधला, एखादा शब्द काढा. त्यातल्या गोलाया, गाठी, रेघांची जाडी सगळं स्पष्ट दिसेल. म्हणजे वाचता येऊ लागल्यावर आपण एक गोष्ट कमावली आणि एक गमावलीही. अर्थ आपसूक दिसू लागला, पण रेघा दिसायच्या थांबल्या.

मनाचा असा पुष्कळ कारभार आपल्याला न कळता चालतो. त्याला मराठीत 'नेणीव' असा नेमका शब्द आहे. जाणिवेच्या पलीकडे चाललेला विचार म्हणजे नेणिवेतला विचार. या कल्पनेला गेल्या दीडशे वर्षांत दोन वेगवेगळी वळणं मिळाली. ऑटिझम, म्हणजे आपण ज्याला स्वमग्नता म्हणतो, त्याबद्दल लोकांचं काय मत झालं, हे या दोन वळणांशी फार जवळून बांधलेलं आहे. एका वळणानं हजारो आयांना गुन्हेगार ठरवलं. दुसऱ्यानं एक चांगला प्रश्न दिला. हा इतिहास आपण शिक्षकांनी माहीत करून घ्यावा असा आहे, कारण त्याची किंमत मुलांनी आणि त्यांच्या घरच्यांनी मोजली आहे.

हेल्महोल्ट्झची नेणीव

जर्मन शास्त्रज्ञ हेर्मान फॉन हेल्महोल्ट्झ यांच्या दृष्टिविज्ञानावरील ग्रंथाचा शेवटचा भाग १८६७ साली पूर्ण झाला. त्यात त्यांनी मांडलं की पाहणं हा एक प्रकारचा तर्कच आहे, फक्त तो आपल्या नकळत होतो. दृष्टिपटलावर पडणारी प्रतिमा लहान, सपाट आणि उलटी असते. त्यावरून समोर टेबल आहे, ते इतकं लांब आहे, त्यावर गोल ताट आहे, हा सगळा निष्कर्ष मन काढतं. आपल्या हाती फक्त निष्कर्ष येतो. त्यामागचा हिशेब आपल्याला दिसत नाही.

वस्तुचित्राचा तास घेणाऱ्या शिक्षकांना याचा पुरावा रोज मिळतो. टेबलावर ठेवलेलं ताट विद्यार्थ्याच्या डोळ्याला चपटं, लंबगोल दिसत असतं, पण तो कागदावर जवळजवळ गोल ताट काढतो. ताट गोल असतं हे त्याला माहीत असतं आणि ही माहिती डोळ्यावर मात करते. १९३१ साली रॉबर्ट थाउलेस यांनी हेच मोजून दाखवलं. त्यांनी तिरकी ठेवलेली चकती दाखवून तिच्या दिसणाऱ्या आकाराशी जुळणारा लंबगोल निवडायला सांगितलं. लोकांनी खऱ्या प्रतिमेपेक्षा अधिक गोल आकार निवडले. यथार्थदर्शन शिकवावं लागतं ते याचसाठी. जे समोर दिसतं ते काढायचं म्हणजे जे माहीत आहे ते बाजूला ठेवायचं, आणि ते फार अवघड असतं.

फ्रॉइडच्या वाटेवरची नेणीव

विसाव्या शतकात 'नेणीव' म्हटलं की लोकांना हेल्महोल्ट्झ नव्हे, फ्रॉइड आठवू लागले. ही नेणीव हिशेब करणारी नव्हती. ती दडपलेल्या इच्छांची कोठडी होती.

'ऑटिझम' हा शब्द स्विस मनोविकारतज्ज्ञ ऑयगन ब्लॉयलर यांनी छिन्नमनस्कतेचं एक लक्षण सांगताना वापरला. त्यांचा त्यावरील ग्रंथ १९११ चा. 'ऑटोस' म्हणजे ग्रीक भाषेत 'स्वतः'. बाहेरच्या जगाकडे पाठ फिरवून स्वतःत बुडून जाणं असा त्याचा अर्थ. १९४३ साली अमेरिकेत लिओ कॅनर यांनी ११ मुलांचं वर्णन प्रसिद्ध केलं, ८ मुलगे आणि ३ मुली. माणसांशी संपर्क कमी, वस्तूंशी दोस्ती जास्त, बदल नकोसा, आणि पाठांतर मात्र थक्क करणारं. या मुलांसाठी कॅनर यांनी तोच शब्द घेतला. ही अवस्था जन्मजात असावी असं त्यांनी त्याच लेखात लिहिलं होतं. पण या मुलांचे आईवडील हुशार असले तरी फारसे प्रेमळ दिसत नाहीत, असंही नोंदवलं होतं. पुढच्या काळात लोकांनी पहिलं वाक्य विसरून दुसरं लक्षात ठेवलं. खुद्द कॅनरही काही वर्षं त्याच दिशेनं बोलत राहिले.

याला सर्वांत कडवट रूप दिलं ते शिकागोच्या ब्रूनो बेटेलहाइम यांनी. १९६७ सालच्या 'द एम्प्टी फोर्ट्रेस' या पुस्तकात त्यांनी प्रतिपादन केलं की हे मूल नसतं तर बरं, अशी आईबापांच्या मनातली इच्छा मुलाला या अवस्थेत ढकलते. छळछावणीतल्या कैद्यांशी त्यांनी या मुलांची तुलना केली. अशा आरोपातून सुटायला आईला वाटच नव्हती. "माझ्या मनात असं कधीच नव्हतं" असं ती म्हणाली तर उत्तर तयार होतं: ती इच्छा तुमच्या नेणिवेत आहे, म्हणून तर तुम्हाला ती दिसत नाही!

विज्ञानाच्या दृष्टीनं ही जागा लक्षात ठेवण्यासारखी आहे. जे विधान कोणत्याही उत्तरानं खोटं ठरू शकत नाही, ते तपासताही येत नाही. हेल्महोल्ट्झची नेणीवही दिसत नाही, पण तिची चाचणी चकती आणि लंबगोल घेऊन करता येते. दोघांत फरक आहे तो हा.

आरोपाचा निकाल

या आरोपाला पहिलं जोरदार उत्तर दिलं बर्नार्ड रिमलँड यांनी. ते मानसशास्त्रज्ञ होते आणि स्वमग्न मुलाचे वडीलही. बेटेलहाइम यांचं पुस्तक येण्याच्या तीन वर्षं आधी, १९६४ साली, त्यांनी उपलब्ध पुरावा मांडून दाखवला की स्वमग्नतेची मुळं मेंदूच्या घडणीत आहेत. १९६९ साली कॅनर यांनी पालकांच्या सभेत, आपण पालकांना दोषमुक्त करत आहोत, असं जाहीरपणे सांगितलं.

नेमका पुरावा १९७७ साली आला. सूझन फोल्स्टाइन आणि मायकल रटर यांनी ब्रिटनमधल्या जुळ्यांच्या २१ जोड्या तपासल्या. प्रत्येक जोडीतलं निदान एक मूल स्वमग्न होतं. अगदी सारख्या जुळ्यांच्या ११ जोड्यांपैकी ४ जोड्यांत दुसरं मूलही स्वमग्न निघालं. वेगळ्या दिसणाऱ्या जुळ्यांच्या १० जोड्यांत मात्र एकही नाही. जुळी कोणत्याही प्रकारची असोत, आई एकच असते, घर एकच असतं. फरक असतो तो जनुकांच्या सारखेपणात. अभ्यास लहान होता, पण नंतरच्या मोठ्या अभ्यासांनी आनुवंशिकतेचा मोठा वाटा पक्का केला. एवढा साधा हिशेब मांडायला आणखी दहा वर्षं गेली, आणि तोवर अनेक आया स्वतःला दोषी मानत जगल्या.

कौतुकाचा सापळा

आरोप सैल झाला आणि त्याची जागा कौतुकानं घेतली. कौतुक आरोपापेक्षा बरं, पण तेही अडकवतं.

एकीकडे मंद, एकीकडे विलक्षण, अशा माणसांची नोंद जुनी आहे. १८८७ साली लंडनमध्ये दिलेल्या व्याख्यानांत डॉ. जॉन लँग्डन डाउन यांनी अशा काहींचं वर्णन केलं. त्यात एक मुलगा होता. गिबनचा रोमन साम्राज्यावरचा जाडजूड इतिहासग्रंथ त्याला पाठ होता. वाचताना एकदा त्याची एक ओळ सुटली, म्हणून तो मागे येऊन ती वाचून पुढे गेला. त्यानंतर दर वेळी पाठ म्हणताना तो त्याच जागी ती ओळ गाळायचा आणि मागे येऊन दुरुस्त करायचा!

१९८८ साली 'रेन मॅन' हा चित्रपट आला. डस्टिन हॉफमन यांनी त्यात स्वमग्न माणसाची भूमिका केली. चित्रपटाला आणि हॉफमन यांना ऑस्कर मिळालं आणि जगभर 'स्वमग्नता' या शब्दाला एक चेहरा मिळाला. भूमिकेला प्रेरणा होती ती अमेरिकेतल्या किम पीक यांची. त्यांना हजारो पुस्तकं तोंडपाठ होती, पण ते स्वमग्न नव्हते. त्यांच्या मेंदूच्या दोन अर्धगोलांना जोडणारा पट्टा जन्मतःच नव्हता. लोकांना हा बारकावा कळला नाही. स्वमग्न मूल म्हणजे कॅलेंडरवरचा कुठलाही वार क्षणात सांगणारं मूल, असा समज मात्र पसरला.

रिमलँड यांनी १९७८ साली सुमारे ५,४०० स्वमग्न मुलांच्या पालकांकडून आलेली माहिती प्रसिद्ध केली. त्यांतल्या ५३१ मुलांत पालकांनी एखादं विशेष कौशल्य नोंदवलं होतं, म्हणजे दहांत साधारण एक. उरलेल्या नऊ जणांचं काय? चमत्काराची वाट पाहणाऱ्या समाजाला ती दिसतच नाहीत.

लंडनचा चित्रकार

या कौतुकाच्या झोतात आलेल्यांपैकी एकाची गोष्ट जवळून पाहू. स्टीफन विल्टशायर यांचा जन्म १९७४ साली लंडनमध्ये, कॅरिबियन बेटांवरून आलेल्या कुटुंबात झाला. तिसऱ्या वर्षी स्वमग्नतेचं निदान झालं. ते बोलत नव्हते. पाचव्या वर्षी लंडनच्या क्वीन्समिल शाळेत गेले आणि तिथे चित्र काढणं हीच त्यांची भाषा झाली. त्यांनी मागायला शिकावं म्हणून शिक्षकांनी काही वेळा चित्रांचं साहित्य काढून घेतलं, आणि त्यांच्या तोंडून पहिला शब्द आला तो 'पेपर'. नीट बोलणं नवव्या वर्षाच्या सुमारास आलं.

१९८७ साली बीबीसीच्या एका माहितीपटात ते दिसले. रॉयल अकादमीचे माजी अध्यक्ष, वास्तुरचनाकार सर ह्यू कॅसन यांनी त्यांची मनापासून वाखाणणी केली. त्याच वर्षी रेखाचित्रांचं पहिलं पुस्तक निघालं. पुढे त्यांनी लंडनच्या सिटी अँड गिल्ड्स कलाशाळेत रीतसर शिक्षण घेतलं. २००५ साली टोकियोवरून हेलिकॉप्टरनं एक छोटी फेरी मारल्यानंतर त्यांनी सात दिवसांत दहा मीटर लांब कॅनव्हासवर ते शहर आठवणीतून काढलं. नंतर रोम, हाँगकाँग, न्यूयॉर्क अशी शहरं झाली. २००६ साली त्यांना कलेसाठी 'एमबीई' हा ब्रिटिश किताब मिळाला.

वर्तमानपत्रांनी त्यांना 'मानवी कॅमेरा' म्हटलं. हे विशेषण कौतुकाचं वाटतं, पण त्यात एक अन्याय लपलेला आहे. कॅमेरा विचार करत नाही, निवड करत नाही, सराव करत नाही. विल्टशायर लहानपणापासून सातत्यानं चित्रं काढत आले आहेत. मेंदूतज्ज्ञ ऑलिव्हर सॅक्स यांनी त्यांच्याबरोबर प्रवास करून १९९५ सालच्या आपल्या पुस्तकात सविस्तर लिहिलं. त्या चित्रांत काही तपशील गळतात, काही बदलतात, आणि तरी शैली ओळखू येते, हे त्यांनी टिपलं आहे. बेटेलहाइम यांनी या मुलांना 'रिकामा किल्ला' म्हटलं होतं. कौतुक करणाऱ्यांनी यंत्र म्हटलं. दोन्ही शब्दांत आत विचार करणारं कुणी आहे ही शक्यताच उरत नाही.

पुन्हा हेल्महोल्ट्झकडे

मग आत काय चालतं? इथे नेणिवेची पहिली, तपासता येणारी कल्पना उपयोगी पडली.

लंडनमध्ये अमिता शाह आणि उटा फ्रिथ यांनी १९८३ साली दाखवलं की मोठ्या चित्रात लपलेला छोटा आकार स्वमग्न मुलं लवकर शोधतात. दहा वर्षांनी त्यांनी ठोकळ्यांचा प्रयोग केला. रंगीत ठोकळे जुळवून कागदावरची नक्षी तयार करायची. यात स्वमग्न गट पुढे होता. मग त्यांनी कागदावरची नक्षीच चौकोन सुटे करून दाखवली. आता इतर मुलांचा वेग वाढला, स्वमग्न मुलांना मात्र त्यातून फारसा वेगळा फायदा झाला नाही. नक्षीचे तुकडे त्यांना आधीपासूनच दिसत होते! आपल्याला आधी अख्खी नक्षी दिसते आणि ती तोडायला कष्ट पडतात.

डॅनिएल रोपर आणि पीटर मिचेल यांनी २००२ साली थाउलेसच्या चकतीचीच नवी आवृत्ती करून पाहिली. अंधाऱ्या पेटीत तिरकी ठेवलेली चमकती चकती दाखवली. भोवतालच्या खोलीच्या खुणा दिसत असताना दोन्ही गटांनी ती सारखीच जास्त गोल ठरवली. खुणा काढून टाकल्यावर 'चकती गोल आहे' ही माहिती तेवढी उरली. ही माहिती इतरांच्या पाहण्यावर जितका परिणाम करत होती तितका स्वमग्न मुलांच्या पाहण्यावर करत नव्हती.

ऑस्ट्रेलियातले अ‍ॅलन स्नायडर आणि जॉन मिचेल १९९९ साली आणखी पुढे गेले. डोळ्यातून आलेला कच्चा माल प्रत्येकाच्या मेंदूत असतो, पण जाणिवेपर्यंत फक्त तयार निष्कर्ष पोचतो. काही स्वमग्न माणसांना त्या कच्च्या मालापर्यंत जाता येत असावं, अशी त्यांची कल्पना. २००३ साली स्नायडर यांच्या गटानं ११ निरोगी व्यक्तींच्या मेंदूच्या डाव्या भागावर चुंबकीय स्पंदनं देऊन त्यांना चित्रं काढायला लावली. चौघांच्या चित्रांची शैली बदलली, सात जणांची नाही. एवढ्यावरून सिद्धान्त सिद्ध होत नाही, पण ही कल्पना प्रयोगाला सामोरी गेली हे महत्त्वाचं. माँट्रियलचे लॉरां मोत्राँ यांनी वेगळी दिशा धरली. त्यांच्या मते इथे काही कमी पडलेलं नाही, संवेदनाच अधिक बळकट आहे. त्यांच्या गटातल्या मिशेल डॉसन स्वतः स्वमग्न आहेत. त्यांनी २००७ साली दाखवलं की शब्दांवर बरीचशी विसंबलेली बुद्धिचाचणी सोडून आकृत्यांची रेव्हन चाचणी दिली, तर त्याच स्वमग्न मुलांचं स्थान सरासरी ३० शतमानांनी वर जातं. मूल तेच, प्रश्नपत्रिका वेगळी.

भिंतीवर काय टांगायचं?

कलेच्या जगातही नेणिवेचं आकर्षण होतंच. १९२४ साली अतिवास्तववाद्यांनी जाणिवेचा लगाम सोडून लिहिण्या-रेखाटण्याचा पुरस्कार केला. १९४५ पासून फ्रेंच चित्रकार ज्याँ द्युब्युफे मनोरुग्णालयांतली आणि कलाजगताबाहेरची चित्रं जमवू लागले. त्यांच्या मते ही खरी, संस्कृतीचा स्पर्श न झालेली कला. १९७२ साली रॉजर कार्डिनल यांनी तिला इंग्रजीत 'आउटसायडर आर्ट' असं नाव दिलं. या चित्रांना भिंत मिळाली, हे चांगलंच झालं. पण अट अशी होती की चित्रकारानं बाहेरचाच राहायला हवं, न शिकलेला, न कळता काढणारा.

विल्टशायर यांनी ही अट पाळली नाही. ते कलाशाळेत शिकले, आणि २००६ साली लंडनच्या रॉयल ऑपेरा आर्केडमध्ये त्यांची स्वतःची गॅलरी सुरू झाली. १८१६ ते १८१८ या काळात बांधलेली ही छताची बाजारगल्ली शहरातली सर्वांत जुनी मानली जाते. कुटुंबाच्या मदतीनं चालणारी ही जागा म्हणजे एका व्यावसायिक चित्रकाराचं दुकान आहे. चित्राखाली सही आहे, चित्राला किंमत आहे, सांगून चित्र काढून घेता येतं. भिंतीवरचं चित्र पाहणाऱ्याला दोन गोष्टी विचारता येतात. "याला हे कसं जमतं?" हा एक प्रश्न. "यानं काय पाहिलं?" हा दुसरा. पहिल्या प्रश्नात चित्रकार नमुना होतो, दुसऱ्यात चित्रकार राहतो. आपण विज्ञानवाले पहिला प्रश्न विचारणारच, तो विचारायलाही हवा. पण दुसरा विसरून चालणार नाही.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आता स्वमग्न माणसं स्वतःच देत आहेत. टेम्पल ग्रँडिन यांचं आत्मकथन १९८६ साली आलं. आपण शब्दांत नव्हे, चित्रांत विचार करतो, असं त्या पुढे सांगत राहिल्या. १९९३ साली जिम सिंक्लेअर यांनी पालकांना सांगितलं की आमच्यासाठी शोक करू नका. 'रिकामा किल्ला' बोलू लागला होता.

आपल्याकडे १९९५ च्या अपंगत्वविषयक कायद्यात स्वमग्नतेचा उल्लेख नव्हता. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात तो आला आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत स्वमग्नतेला जागा मिळाली. म्हणजे अशी मुलं आपल्या वर्गात असणार, आणि तो त्यांचा हक्क आहे. 'स्वमग्न' हा आपला शब्दही ब्लॉयलरच्या त्या 'ऑटोस'वरूनच घडला आहे. तो रूढ आहे, वापरू या. पण तो मुलाच्या मनाचा पुरावा नाही, हे ध्यानात ठेवू या. खिडकीच्या गजांकडे तासभर पाहणारं मूल स्वतःत बुडालेलं नसेल. ते गजच पाहत असेल, आपण कधीच पाहिले नाहीत इतके नीट. त्याच्या आईला बोलावून घरात काय चुकलं हे विचारण्यात अर्थ नाही, आणि त्याच्यातला चमत्कार कधी बाहेर येतो याची वाट पाहण्यातही नाही. त्याच्यापुढे कागद ठेवावा, आकृत्यांची कोडी ठेवावीत, शब्दांखेरीज उत्तर देण्याची सोय करावी. दहांतल्या नऊ मुलांच्या कागदावर टोकियो उमटणार नाही. तरीही तो कागद जपून ठेवण्याजोगा असतो, कारण ते मूल काय पाहतं हे आपल्याला त्यावरूनच कळणार असतं.